कोकण किनाऱ्यावर वापरायचा ट्रॅव्हल ट्रेलर: स्लाइड-आउट असलेला घ्यावा की नसलेला?

आगरातला, गुहागर तालुका

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात समुद्रापासून थोड्या अंतरावर आमचे नारळ-पोफळीचे आगर आहे. येत्या हंगामापूर्वी एक ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची आणि आत झोपण्याची, स्वयंपाकाची व न्हाणीची सोय असलेली कॅरॅव्हॅन, बांधून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. वर्षातला बराचसा काळ ती आगरातच उभी राहील आणि पाहुणे आले की त्यांना उतरायला देता येईल. दिवाळीनंतर आणि पुन्हा शिमग्याच्या आसपास मात्र आम्ही घरचे लोक ती घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे करत मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जाणार आहोत. बरोबर मी, पत्नी, शाळेत जाणारा मुलगा आणि आई असे चौघे असू. आईचे गुडघे अधू झाले आहेत आणि ती घरातल्या घरातही वॉकर घेऊनच चालते.

बांधणाऱ्याने दोन आराखडे दिले आहेत. दोहोंत सांगाडा १८ फूट लांब आणि ७ फूट रुंद आहे. पहिल्यात चारही भिंती पक्क्या आहेत. दुसऱ्यात डाव्या भिंतीचा ८ फूट लांबीचा भाग, त्यातल्या बाकासकट आणि पलंगासकट, मुक्कामाच्या जागी बटण दाबले की अडीच फूट बाहेर सरकतो, म्हणजे २० चौरस फूट जागा वाढते. या सरकत्या भागालाच स्लाइड-आउट किंवा नुसते स्लाइड म्हणतात. रिकाम्या ट्रेलरचे वजन पहिल्यात १,४५० किलो आणि दुसऱ्यात १,७०० किलो पडेल असे तो म्हणतो, आणि स्लाइड-आउटसाठी पावणेतीन लाख रुपये जास्त मागतो. आमची पिकअप डबल केबिनची आहे आणि तिच्या पुस्तिकेत ब्रेक असलेला ट्रेलर ओढण्याची मर्यादा २,००० किलो दिलेली आहे.

चित्रात दुसरा आराखडा फार छान दिसतो आणि घरात सर्वांचा कल तिकडेच आहे. मला मात्र आपल्याकडचा पाऊस, खारा वारा आणि गावातले रस्ते यांचा विचार करता निर्णय होत नाही. ज्यांनी असे ट्रेलर प्रत्यक्ष वापरले आहेत किंवा ज्यांना खाऱ्या हवेतल्या कामाचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चिपळूण ते मिशिगन

नमस्कार. मी मूळचा चिपळूणचा असून बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. शेजारच्या इंडियाना राज्यातला एल्कहार्ट परिसर हे ट्रेलर-बांधणीचे इथले सर्वांत मोठे केंद्र आहे. आमच्या कुटुंबाने दोन्ही प्रकारचे ट्रेलर वापरलेले असल्यामुळे आधी यंत्रणेबद्दल लिहितो, कारण बांधणारा कोणती यंत्रणा बसवणार आहे हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही आणि निम्मे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

लहान आणि मध्यम ट्रेलरमध्ये स्लाइड सरकवण्याचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिल्यात ट्रेलरच्या तळाखाली चॅसीमधून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यातून, दोन पोलादी रूळ आडवे जातात, त्यांना दाते असतात आणि एक मोटर दात्यांच्या चाकाने दोन्ही रूळ एकदम पुढे-मागे ढकलते. हा प्रकार दणकट असतो, पण त्याचे दाते खालच्या बाजूला रस्त्याच्या चिखल-पाण्यात उघडे राहतात. दुसऱ्यात स्लाइडच्या दोन्ही उभ्या बाजूंना ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या आणि दोन लहान मोटरी असतात. त्या दोघी एकाच गतीने चालाव्यात म्हणून एक नियंत्रक पेटी लागते. बॅटरी उतरलेली असली किंवा ट्रेलर तिरका उभा असला की एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहून स्लाइड तिरपी अडकते. तिसऱ्यात चार कोपऱ्यांशी जोडलेल्या पोलादी केबल कप्पीवरून ओढल्या जातात. त्यांचा ताण वेळोवेळी तपासावा लागतो आणि केबलची एकेक तार तुटू लागली की ती बदलावीच लागते. हायड्रॉलिक प्रकार मोठ्या गाड्यांत असतो, तुमच्या आकाराच्या ट्रेलरला तो लागू नाही. यंत्रणा कोणतीही असो, वीज नसताना हाताने फिरवून स्लाइड आत घेण्याची सोय आहे का आणि ती कुठून करायची, हे बांधणाऱ्याकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावे.

आता वजनाकडे पाहू. कागदावरचे १,७०० किलो हे रिकाम्या ट्रेलरचे वजन आहे. त्यात १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण ३० किलो, आणि वर जादा बॅटरी, गाद्या, भांडी, कपडे, खाण्याचे सामान व आईंच्या वस्तू आल्या, की ४०० किलो सहज भरतात. म्हणजे स्लाइडचा ट्रेलर रस्त्यावर येईल तेव्हा २,१०० किलोंचा असेल आणि तुमच्या पिकअपची मर्यादा २,००० किलोंची आहे. साधा ट्रेलर तेवढेच सामान भरून १,८५० किलोंवर थांबतो. यातही हिचवर, म्हणजे जोडणीच्या गोळ्यावर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा अशी इथली रीत आहे. त्या हिशेबाने १,८५० किलोंच्या ट्रेलरचा साधारण १८५ ते २७८ किलो भार पिकअपच्या मागच्या भागावर येईल, आणि तेवढा भार पिकअपच्या हिचला व मागच्या ॲक्सलला झेपतो की नाही हे पुस्तिकेत वेगळे पाहावे लागेल. शिवाय स्लाइड एकाच बाजूला असल्यामुळे त्या बाजूच्या चाकांवर जास्त वजन येते. चांगले बांधणारे फ्रिज, ओटा आणि पाण्याची टाकी समोरच्या बाजूला घेऊन ते तोलतात. तुमच्या आराखड्यात तसे केले आहे का, हे विचारावे.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात ट्रेलर घेतल्यानंतरच येते. रस्त्यात चहापाण्यासाठी तासभर थांबलो तर स्लाइड कोणी बाहेर काढत नाही. त्या वेळी पलंग आणि बाक आत सरकलेले असतात आणि पुष्कळ आराखड्यांत मधली वाट जवळजवळ बंद होते. तुमच्या आईंना प्रवासात न्हाणीघर लागेल ते नेमके अशाच थांब्यांवर. त्यामुळे स्लाइड बंद असताना दारापासून संडासापर्यंत वॉकर जातो का, हे नकाशावर फूटपट्टीने मोजून पाहावे. न गेल्यास तो आराखडा तुमच्या कामाचा नाही, असे माझे मत आहे.

अमेरिकेत स्लाइड इतकी रुळली त्याला इथली परिस्थिती कारणीभूत आहे. रस्ते रुंद आहेत, मुक्कामाच्या जागा सपाट व मोठ्या असून तिथे वीज-पाणी मिळते, आणि लोक एका ठिकाणी आठवडाभर राहतात. युरोपात रस्ते अरुंद आणि ओढणाऱ्या गाड्या लहान, म्हणून तिथल्या कॅरॅव्हॅनना स्लाइड क्वचितच दिसते. जागा वाढवायला ते लोक भिंतीला लागून कापडी पडवी उभारतात. आपले कोकणातले रस्ते मला त्या दुसऱ्या परिस्थितीच्या जवळचे वाटतात.

होडीमिस्त्री, मिरकरवाडा

मी रत्नागिरीला होड्यांचे फायबरचे आणि लोखंडी फॅब्रिकेशनचे काम करतो. ट्रेलरच्या एका दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले होते, त्यावरून आणि होड्यांच्या अनुभवावरून लिहितो.

खाऱ्या हवेत पहिले खराब होते ते दोन वेगळ्या धातूंचे जोडकाम. ॲल्युमिनियमच्या पट्टीत लोखंडी किंवा स्टेनलेसचा स्क्रू मारला आणि तिथे मिठाचे पाणी साचले, की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजू लागते. वरून रंग दिला तरी ती क्रिया आतून चालूच राहते. वर सांगितलेली ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्यांची यंत्रणा कोकणात बसवायची असेल, तर प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर आणि सीलंट हवे, आणि स्टेनलेस ३०४ प्रतीचे न वापरता ३१६ प्रतीचे वापरावे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे खाऱ्या हवेत त्याला तांबेरा कमी चढतो.

पोलादी रुळांची यंत्रणा असेल तर सगळे वेल्डिंग पूर्ण झाल्यावर सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज करून, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यावा. आधी गॅल्व्हनाइज केलेले पाइप आणून मग वेल्डिंग केले, तर सांध्यावरचा जस्ताचा थर जळून जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी त्यावर चंदेरी रंग मारून काम दिले जाते. पहिल्या पावसानंतर त्या रंगाखालून तांबडे ओघळ उतरतात.

दात्यांना ग्रीस लावायची सवय आपल्या मिस्त्री लोकांना आहे. किनाऱ्यावर वाळू उडते, ती ग्रीसला चिकटते आणि ग्रीस पॉलिश पेपरसारखे दाते खात राहते. तिथे सुके वंगण वापरावे, आणि दर महिन्याला गोड्या पाण्याने रूळ धुऊन, कोरडे करून मगच ते मारावे. स्लाइडभोवतीची रबरी पट्टी बहुतेक वेळा ईपीडीएम रबराची असते. तिला डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस अजिबात लावू नये. खनिज तेलाने हे रबर फुगते आणि मऊ पडते, मग स्लाइड आत घेताना पट्टी दुमडून अडकते आणि त्या दुमडीतून पाणी आत शिरते.

माझ्याकडे आलेला ट्रेलर वरून नवाकोरा दिसत होता. मालकाची तक्रार एवढीच होती की स्लाइडजवळच्या जमिनीवर पाय दिला की ती दबते. खालून पत्रा काढला तेव्हा स्लाइडच्या तळाच्या प्लायची बाहेरची कड बोटाने कुसकरून काढता येत होती. तळाच्या खालच्या कडेला रबरी पट्टीमागे पाण्याला बाहेर जायला वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे छपरावरून भिंतीवर आणि भिंतीवरून खाली आलेले पाणी तिथे बसून राहिले होते. वरचे चार थर गेले होते आणि आतल्या थरात वाळवीची मातीची नळी चढलेली होती. आम्ही सगळा तळ काढून आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, बसवला, कापलेल्या प्रत्येक कडेला एपॉक्सीचे दोन हात दिले आणि कडेखाली ॲल्युमिनियमची पन्हळ वळवून तिला पाणी गळायला भोके ठेवली. त्या कामाचे पैसे नव्या स्लाइडच्या किमतीच्या बरेच जवळ गेले.

पक्क्या भिंतीच्या ट्रेलरला गळती लागत नाही असे नाही. तिथेही छपराचा सांधा, खिडक्या आणि व्हेंट या जागा असतातच. पण त्या जागा हलत नाहीत, म्हणून एकदा नीट भरल्या की वर्षानुवर्षे टिकतात. स्लाइडभोवतीचा सांधा प्रत्येक वेळी उघडतो आणि मिटतो. आपल्याकडे चार महिने पाऊस फक्त वरून पडत नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तो आडवा येतो आणि ती झड पट्टीच्या फटीत मारा करत राहते. मला विचाराल तर साधाच घ्या, आणि वाचलेल्या पैशांतून चॅसी चांगली करून घ्या.

पडवीतून, दापोली

नमस्कार. वरच्या दोघांनी लिहिलेले तांत्रिक मुद्दे खरे आहेत, तरी निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही, कारण स्लाइड असलेली एक कॅरॅव्हॅन दापोलीजवळ आमच्या घराच्या आवारात पाहुण्यांसाठी उभी आहे आणि तिचा आम्हाला चांगला उपयोग होतो.

माझ्या सासूबाईही वॉकर घेऊन चालतात आणि उन्हाळ्यात घर नातेवाइकांनी भरले की त्या आणि मी कॅरॅव्हॅनमध्येच झोपतो. वॉकर साधारण सव्वादोन फूट रुंद असतो. तो धरून माणूस चालताना दोन्ही बाजूंना हात-कोपरांना जागा लागते, आणि पलंगाजवळ वळून बसायचे असेल तर त्याहून जास्त लागते. स्लाइड बाहेर असताना त्या स्वतः उठून न्हाणीघरात जाऊन येतात, कोणाला हाक मारावी लागत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मनाला त्याने किती बरे वाटते हे घरात असे कोणी असल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे २० चौरस फूट हा आकडा लहान वाटला तरी तो नेमका कुठे मिळतो हे महत्त्वाचे आहे.

पाण्याचा प्रश्न आम्ही असा सोडवला आहे. कॅरॅव्हॅन कायमच्या पत्र्याच्या मांडवाखाली उभी आहे. मांडव स्लाइडच्या कडेपासून पुढे चार फूट आहे आणि पश्चिमेच्या व दक्षिणेच्या बाजूंना पावसाळ्यापूर्वी झापांचे आडोसे बांधतो. स्लाइड पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे झड तिच्यापर्यंत पोचत नाही. उभी करताना चिऱ्याचा चौथरा बांधून घेतला आणि त्यावर कोबा केला, कारण आगरातली माती शिंपणाने भुसभुशीत असते. नुसत्या मातीवर जॅक टेकवले तर एक कोपरा खचतो आणि मग स्लाइड तिरकी होऊन घासते. मांडव नारळाच्या झाडांपासून दूर घेतला आहे. वरून नारळ किंवा झावळी पडली तर स्लाइडचे छप्पर पातळ असल्यामुळे त्याला खोक पडते.

पावसाळ्यात आम्ही स्लाइड आत घेऊन ठेवतो आणि पंधरवड्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून आत हवा खेळू देतो, नाहीतर गाद्यांना बुरशी धरते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोली-मंडणगडकडच्या बागांची जी दशा झाली ती सर्वांनी पाहिली आहे, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेही किनाऱ्याने गेले. वादळाचा इशारा आला की स्लाइड बंद करायची, चाकांना अडण्या लावायच्या आणि चौथऱ्यात पुरलेल्या कड्यांना चॅसी साखळदंडाने बांधायची, असा आमचा नेम आहे.

आमची कॅरॅव्हॅन मात्र रस्त्यावर जवळजवळ जात नाही, हे नमूद केले पाहिजे. तुम्ही जर ती बहुतांशी आगरातच ठेवणार असाल आणि तिच्यावर मांडव घालणार असाल, तर स्लाइडला सरसकट नकार देऊ नये.

खाडीपलीकडे

मी रस्त्यापुरते लिहितो. गुहागरहून किनाऱ्याने दक्षिणेला जायचे तर तवसाळला फेरीबोट धरून जयगडला उतरावे लागते, आणि उत्तरेला जायचे तर धोपाव्याहून दाभोळला. ओहोटीला बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यात मोठा कोन होतो. ट्रेलरचा चाकांमागचा भाग लांब असेल किंवा खाली स्लाइडचे रूळ लोंबत असतील, तर तो तिथे घासणारच. शक्यतो भरतीच्या वेळेला बोट धरावी आणि ट्रेलर आडवा-उभा मोजून बोटीवाल्यांना आधी दाखवावा. बोट टाळून चिपळूणवरून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने गेलात तरी गणपतीपुळे, देवगड, कुणकेश्वर या ठिकाणी उतरायला पुन्हा लहान रस्तेच आहेत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, समोरून एसटी, आणि मागे घ्यायला जागा नाही, अशी वेळ हमखास येते. प्रवासात स्लाइड बंद असते, त्यामुळे रुंदी वाढत नाही, हे खरे. पण मुक्कामाला जी जागा मिळते तिथे बाजूला अडीच फूट मोकळे मिळेल याची खात्री नसते. कोणाच्या अंगणात, देवळाच्या आवारात किंवा सुरूच्या बनाजवळ ट्रेलर लावला की एका बाजूला झाड किंवा गडगा असतोच.

दार डाव्या बाजूला आहे का, हे पाहा. अमेरिकी नकाशे तसेच्या तसे उतरवले तर दार उजवीकडे येते, कारण तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे ते दार रहदारीत उघडेल आणि वॉकर घेतलेल्या माणसाला तिथे उतरवणे धोक्याचे आहे. तुमच्या आराखड्यात स्लाइडच डाव्या बाजूला आहे म्हणता, त्यावरून मला ही शंका आली.

मोटर वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरही मोटर वाहनाच्या व्याख्येत येतो, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी होते. नोंदणीनंतर बांधणीत मनाजोगा फेरफार करता येत नाही, कलम ५२ त्यासाठी आहे. तेव्हा आता साधा घेऊ आणि पुढे स्लाइड बसवू, असा बेत मनात असेल तर तो सोडून द्यावा. चौथरा आणि मांडव बांधण्यापूर्वी जागा भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे ते पाहून किनारा नियमन क्षेत्राची चौकशी ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये करून घ्यावी.

आगरातला, गुहागर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. दाराबद्दलची शंका खरी निघाली. नकाशात दार उजवीकडेच आहे, आणि बांधणाऱ्याला फोन केल्यावर त्याने ते डावीकडे घ्यायचे कबूल केले. मात्र तसे केल्यास स्लाइड उजवीकडे जाईल आणि ओटा व टाकी यांची जागा पुन्हा ठरवावी लागेल, असे तो म्हणाला.

स्लाइड बंद असतानाची वाट नकाशावर मोजली. पलंग आत आला की दारापासून संडासापर्यंत जेमतेम सव्वा फूट वाट उरते. आईला वॉकर सोडूनसुद्धा तिथून जाता येणार नाही. वजनाचा हिशेब मी स्वतः पुन्हा करून पाहिला, तोही तसाच येतो. पाणी भरायचे नाही किंवा सामान कमी न्यायचे असे करून मर्यादेत बसवायला मन धजत नाही, कारण आमच्या वाटेवर प्रत्येक खाडीच्या अलीकडे उतार आणि पलीकडे चढ आहे.

आता दापोलीच्या ताईंचा मुद्दा राहतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्लाइड न घेता आईला रात्री एकटीने उठून न्हाणीघरात जाता येईल अशी आतली मांडणी ७ फुटांत बसू शकते का? आतून मोजले तर साडेसहा फूट रुंदी मिळते.

होडीमिस्त्री, मिरकरवाडा

बसते. होडीच्या केबिनमध्ये आम्हाला याहून कमी जागेत काम करावे लागते. ओटा बाजूच्या भिंतीला न घेता मागच्या टोकाला आडवा घ्या आणि त्यावरची मागची भिंत वरच्या बाजूला बिजागऱ्या लावून उघडणारी करा. मुक्कामाला ती वर उचलली की स्वयंपाक बाहेर उभे राहून, तिच्या सावलीत करता येतो आणि फोडणीचा धूरही आत राहत नाही. आईंचा पलंग उजव्या भिंतीला लांबीत, तीन फूट रुंदीचा ठेवा. डाव्या भिंतीला फक्त दार आणि दुमडून भिंतीला लागणारे टेबल घ्या. मध्ये साडेतीन फूट वाट सरळ राहते. न्हाणीघर आईंच्या पलंगाच्या पायथ्याशीच आणा आणि त्याला उघडणारे दार न लावता सरकते दार लावा, म्हणजे वॉकर बाजूला घ्यायची गरज राहत नाही. तुमचे दोघांचे अंथरूण पुढच्या टोकाला आडवे बसते. साडेसहा फुटांत माणूस आडवा झोपू शकतो. मुलाला त्यावर माळ्यासारखा पलंग द्या. पलंगाच्या डोक्याशी, न्हाणीच्या चौकटीला आणि पायरीजवळ स्टेनलेसचे धरायचे दांडे लागतील. ते भिंतीत आतून पट्टी देऊन बसवायला सांगा, नुसत्या प्लायमध्ये मारलेले स्क्रू माणसाच्या वजनाने उपटतात.

पडवीतून, दापोली

ही मांडणी मला पटली. साडेतीन फूट सरळ वाट मिळत असेल तर सासूबाईंसारख्या माणसाला ती स्लाइडपेक्षाही सोयीची, कारण ती प्रवासातल्या थांब्यावरही तशीच राहते. चाकाची खुर्ची वापरायची वेळ आली तर मात्र ती जागेवर वळवायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. तेवढी यात मिळणार नाही, तेव्हा खुर्ची सरळ आत नेऊन सरळ मागे आणावी लागेल. पायरीच्या जागी जोडता येणारा उतार आतापासूनच करून ठेवावा. आगरात उभी असताना दारासमोर, चौथऱ्याच्याच उंचीला लागून, एक पडवी काढा. दुपारचा बहुतेक वेळ आई तिथेच बसतील आणि पाहुण्यांनाही आत कोंडून घ्यावे लागणार नाही.

आगरातला, गुहागर तालुका

मग पहिलाच आराखडा, दार डावीकडे घेऊन आणि मिस्त्रींनी सांगितलेल्या मांडणीने, नक्की करतो. स्लाइडचे वाचणारे पैसे हॉट-डिप गॅल्व्हनाइज चॅसी, मरीन प्लाय, मांडव आणि पडवी यांत घालावेत असे घरात ठरले आहे. आईला नकाशा दाखवला तेव्हा तिने न्हाणीच्या दाराजवळ दिवा कुठे आहे तेवढेच विचारले, म्हणून तिथे जमिनीलगत लहान दिवा घेतो आहे. ताबा घेताना काय काय तपासावे, हे कोणी सांगेल का?

चिपळूण ते मिशिगन

ट्रेलर ताब्यात घेण्यापूर्वी वजनकाट्यावर न्यावा आणि तीन पावत्या घ्याव्यात: पूर्ण ट्रेलर गाडीपासून सोडवून, गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवून, आणि शक्य असल्यास एका बाजूची चाके काट्याबाहेर ठेवून. पहिल्या दोन वजनांतला फरक म्हणजे हिचवर येणारा भार. तिसऱ्यावरून डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते कळेल. कागदावरच्या १,४५० किलोंपेक्षा बरेच जास्त भरले तर पैसे पूर्ण देऊ नयेत.

पाण्याची चाचणी बांधणाऱ्याच्या आवारातच करावी. नळीने प्रत्येक बाजूवर निदान अर्धा तास पाणी सोडावे, सुरुवात चॅसीच्या पातळीपासून करून हळूहळू वर छपरापर्यंत जावे, म्हणजे गळती कोणत्या उंचीवर सुरू झाली ते समजते. त्या वेळी एकाने आत बसून खिडक्यांच्या खालच्या कडा, व्हेंट आणि मागच्या उघडणाऱ्या भिंतीचा सांधा हाताने चाचपत राहावे. ती मागची भिंत हा तुमच्या ट्रेलरमधला एकमेव मोठा हलणारा सांधा आहे, तेव्हा मिस्त्रींनी सांगितलेली पन्हळ आणि पाणी गळण्याची भोके तिथेही करून घ्यावीत. ब्रेकची चाचणी मात्र सपाट रस्त्यावर करून भागणार नाही. सामानाइतके वजन भरून एखादा लांब उतार उतरावा आणि खाली पोचल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहावे. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल तर तिथला ब्रेक घासतो आहे, आणि एखादे अगदी थंड असेल तर तिथला ब्रेक लागतच नाही.